पीपीई किट काढताना होणाऱ्या चुका टाळा

इबोला, मारबर्ग, निपाह यांसारख्या जीवघेण्या संसर्गजन्य आजारांसाठी रुग्णालयातले कर्मचारी तयार करताना सगळा जोर किट घालण्यावर दिला जातो. किट चढवलं, फोटो निघाला, रजिस्टरवर सह्या झाल्या की झालं प्रशिक्षण! पण खरा धोका किट काढताना असतो. ड्यूटी संपलेली असते, अंग घामाने निथळत असतं, कधी एकदा मोकळं होतोय असं वाटत असतं आणि नेमकी तेव्हाच किटची बाहेरची बाजू दूषित असते. २०१४ मध्ये माद्रिदमध्ये इबोला रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या एका सहायक परिचारिकेला लागण झाली. किट काढताना हातमोजा चेहऱ्याला लागला असावा, अशी शक्यता तेव्हा पुढे आली. त्याच वर्षी अमेरिकेत डॅलसमध्ये दोन परिचारिकांना लागण झाल्यावर सीडीसीने (तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने) नियम कडक केले: त्वचा उघडी राहता कामा नये, सराव पुन्हा पुन्हा व्हावा आणि घालताना-काढताना प्रशिक्षित निरीक्षक हजर असावा.

हा निरीक्षक नुसता बघ्या असून भागत नाही. त्याने किट घालण्या-काढण्याच्या यादीतली एकेक पायरी मोठ्याने वाचायची, ती झाली की मगच पुढची. मोठ्या डॉक्टरांना "थांबा, आधी हात स्वच्छ करा" असं सांगायची त्याला मुभा नसेल, तर यादीचा उपयोग शून्य. माझ्या मते सर्वाधिक घाई अनुभवी मंडळीच करतात.

सरावात गाऊन-हातमोज्यांवर अतिनील प्रकाशात चमकणारं लोशन लावा. किट काढल्यावर दिवा धरा. मानेवर, मनगटावर चमकणारे डाग बघितल्यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

रुग्णाच्या कक्षात असताना गॉगलवर वाफ धरली तर पुसायला हात वर नेऊ नका. सोबत्याला सांगून बाहेर पडा. पुष्कळदा मास्क नाकापाशी नीट बसलेला नसतो, श्वास तिथून वर निसटतो. फिट टेस्ट (तो मास्क आपल्या चेहऱ्याला नीट बसतो का, याची चाचणी) झाली असली तरी मास्क दर वेळी घातल्यावर सील, म्हणजे कडेने हवा निसटत नाही ना, हे तपासावं लागतं, आणि दाढीवर एन-९५ नीट बसत नाही. हातमोजा फाटला तरी तेच: काम सोडा, शांतपणे बाहेर या.

क्लोरीनच्या द्रावणांची गल्लत नेहमीची. सांडलेल्या रक्तासाठी ०.५ टक्के, ते हातांसाठी नव्हे. बादल्यांवर ठळक लिहा आणि द्रावण रोज ताजं करा.

सुईला टोपण परत लावू नका. टोचलीच तर जखम पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. कळवणाऱ्यावर वरिष्ठ खेकसले तर पुढचा माणूस गप्प बसेल. इबोलाच्या संशयित संपर्कानंतर २१ दिवस ताप आणि लक्षणांवर लक्ष ठेवावं लागतं. लपवलेल्या घटनेत हे दिवस कुणीच मोजत नाही.

सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक आणि केसपेपर काढणारे यांना प्रशिक्षणातून वगळणं हीसुद्धा चूकच. तापाच्या रुग्णाला "अलीकडे कुठे प्रवास केला होता का?" हे सर्वांत आधी विचारू शकतो तो केसपेपरच्या खिडकीतला माणूस.