सीडॉ समितीकडे स्त्री-आरोग्याचा पर्यायी अहवाल कसा पाठवावा

स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर न्यायचा म्हटले की जागतिक आरोग्य संघटनेचे नाव पुढे येते. परंतु तिथे मुख्यतः सरकारे बोलतात. जिल्ह्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांची सीडॉ समिती अधिक आवाक्यातली आहे. स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याचा १९७९ चा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे सीडॉ; त्याचे कलम १२ आरोग्यसेवेतील भेदभावाविषयी आहे. भारताने १९९३ मध्ये हा करार मान्य केला असल्याने २३ तज्ज्ञांच्या या समितीपुढे सरकारला ठरावीक काळाने अहवाल मांडावा लागतो, आणि त्याच वेळी बिगरसरकारी संस्था आपला पर्यायी अहवाल थेट पाठवू शकतात.

एक मर्यादा आधीच लक्षात घ्यावी. ब्राझीलमध्ये आलीन पिमेंटेल या गर्भवती स्त्रीचा योग्य उपचारांअभावी मृत्यू झाला. तिच्या आईच्या तक्रारीवर समितीने २०११ मध्ये सरकारला जबाबदार धरले. अशी वैयक्तिक तक्रार सीडॉच्या स्वतंत्र पूरक करारामुळे (ऑप्शनल प्रोटोकॉल) करता येते, आणि तो भारताने स्वीकारलेला नाही. आपल्याला अहवालाचाच मार्ग उरतो.

विषय अरुंद निवडावा. ‘राज्यात स्त्रियांची आरोग्यस्थिती बिकट आहे’ हे वाक्य समितीच्या काही कामाचे नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचे उदाहरण घेतल्यास संपूर्ण साखळी मांडावी: नवरा-बायको मिळून मजुरीचे एकच एकक, म्हणजे एक कोयता, धरला जातो, मुकादमाकडून हंगामापूर्वीच उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात, फडावर शौचालय नसते, म्हणून पाळीचे दुखणे अंगावर काढले जाते आणि अखेर खासगी दवाखान्यात पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. यातील उपचारांचा भाग कलम १२ मध्ये, कामाच्या अटींचा ११ मध्ये आणि ग्रामीण स्त्रियांचा १४ मध्ये बसतो; प्रत्येक परिच्छेदाला कलमाचा क्रमांक द्यावा.

पुरावा म्हणून शक्यतो सरकारचीच कागदपत्रे वापरावीत, कारण ती सरकारला नाकारता येत नाहीत. या प्रश्नावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनेच समिती नेमली होती. स्त्रियांचे अनुभव त्यांच्या संमतीनेच घ्यावेत आणि नावाबरोबर गावही गाळावे. लहान वस्तीत वय आणि गाव एवढ्यावरूनही बाई ओळखू येते.

शेवटी मागणी लिहावी, आणि ती तपासता येईल अशी असावी. ‘जागृती करावी’ ही मागणी कोणतेही सरकार आनंदाने मान्य करते व विसरते. ‘प्रत्येक खासगी रुग्णालयाने गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेची वय व कारणासह नोंद जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यावी’ या मागणीचे पुढे काय झाले, हे मात्र विचारता येते.

अहवाल इंग्रजीत, दिलेल्या शब्दमर्यादेत आणि वेळेवर पाठवावा. सीडॉ समिती सरकारला विचारायच्या मुद्द्यांची यादी आधी तयार करते. आपला मुद्दा त्या यादीत यावा म्हणून पहिला मजकूर तेव्हाच पोहोचला पाहिजे, केवळ समितीच्या अधिवेशनाच्या तोंडावर नव्हे. समितीच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्यावर त्यांचे मराठी भाषांतर आमदार, राज्य महिला आयोग आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे द्यावे. निवडक शिफारशींवर समिती साधारण दोन वर्षांत सरकारकडून उत्तर मागते, तेव्हा संस्थेलाही पुन्हा लिहिता येते.