शाळा बारमाही नको, पण सुट्टीत वाचन सुटू देऊ नका

‘शाळा वर्षभर भरवा, सुट्टीत मुलं सगळं विसरतात’ असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात भरदुपारी आमच्या चंद्रपूरकडच्या एखाद्या वर्गात बसून दाखवावं. पारा ४५ च्या आसपास आणि निम्मं गाव विडीसाठीचा तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेलं. शिक्षण हक्क कायद्याला पाचवीपर्यंत २०० आणि पुढे आठवीपर्यंत २२० दिवस लागतात. ते सुट्टी देऊनही भरतात.

तक्रार मात्र खोटी नाही. दुसरी-तिसरीतलं नुकतं वाचायला लागलेलं पोर जूनअखेर परत येतं ते जोडाक्षरांवर अडखळतच. त्यासाठी रोजचा अर्धा तास पुरतो. मी तो असा बसवते.

निकालाआधीच प्रत्येकाकडून एक छोटा उतारा वाचून घ्या. ‘सूर्य’ला ‘सूरय’ म्हणणारा रफारावर अडलाय, ‘प्रकाश’ला ‘परकाश’ म्हणणारी रकारावर. नावापुढे तेवढंच टिपून ठेवा.

जागा शाळेची नको. किल्ली आली की जबाबदारी कुणाची हा वाद आलाच. कुणाची तरी ओसरी बघा. वेळ ऊन उतरल्यावरची, कारण सकाळी घरची माणसं जंगलात असतात आणि दुपारभर तेंदूच्या पानांचे पुडे बांधतात. सातवी-आठवीतली एक ताई आणि चार-पाच पोरं, बस्स. ताईला बजावून ठेवा: शिकवायचं नाही, ऐकायचं. पोर अडलं की जरा थांबायचं, मग शब्द सांगून पुढे जायचं.

पुस्तकं कपाटातून काढून वहीत नाव लिहून घरी द्या. फाटतील, फाटू द्या. मामाच्या गावी निघालेल्याच्या पिशवीतही एक टाका. तिथे उघडलं नाही तरी रागवू नका. शुद्धलेखनाच्या वह्या तर देऊच नका, त्या शेवटच्या दोन दिवसांत मोठी बहीण भरते.

गणिताला तेंदूच घ्या. पुडा ७० पानांचा; आज एवढे पुडे, तर पानं किती? फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात तिथे, घरच्यांच्या कार्डात लिहिलेला आकडा पोरालाच वाचू द्या. आईबापांना हे भारी आवडतं. आकडा चुकलेला निघाला तर भांडण होतं, तेही होऊ द्या.

शाळा उघडली की तोच उतारा पुन्हा वाचून घ्या, एकेकाला जवळ बोलावून, सगळ्यांसमोर नाही. अजून अडणाऱ्यांना पहिले दोन आठवडे पहिला तास वाचनाचाच.