शेतातल्या कामातून मनन: अमेरिकेच्या दक्षिणेतील ग्रामीण जीवनावर कसे लिहावे

जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी आणि दोन्ही कॅरोलायना इथल्या खेड्यांत शेताचे आणि चर्चचे वेळापत्रक पिढ्यानपिढ्या एकमेकांत गुंतलेले होते. तिथल्या जीवनावर बेतलेली छोटी मनने, म्हणजे बायबलमधल्या एखाद्या वचनाला धरून लिहिलेली चिंतने, उपासनेत किंवा घरच्या प्रार्थनेत म्हणूनच चांगली पोहोचतात. तरी त्यातली बरीच फसतात. लिहिणाऱ्याने शास्त्रवचन आधी ठरवलेले असते आणि मग त्याला शोभेल असे एखादे शेत शोधलेले असते. हा क्रम उलटा करा. आधी काम समजून घ्या: ते कोणत्या महिन्यात होते, कशाने होते, कुठे बिघडते आणि का. शीलाबद्दल सांगण्यासारखे जे काही असते, ते बहुतेक वेळा त्या बिघडण्याच्या जागीच सापडते.

विषय जितका लहान तितका बरा. ‘कापसाची शेती’ हा मननाचा विषय होत नाही, ‘कापसाची शेवटची कोळपणी’ होतो. ‘स्वयंपाकघर’ नको, बिडाच्या तव्यावर तेलाचा थर चढवणे घ्या. तेल अगदी पातळ लावून, जवळजवळ सगळे पुसून काढून तवा ४५० ते ५०० अंश फॅरेनहाइटच्या ओव्हनमध्ये तासभर पालथा ठेवतात. थर जाड राहिला तर तवा चिकट होतो, म्हणून पातळ थर पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा असा क्रम सांगणारे रोम. ५:३-४ (बायबलमधले रोमकरांस पत्र) इथे ओढून आणावे लागत नाही.

गोड ज्वारीच्या काकवीचे उदाहरण सविस्तर पाहू, कारण टेनेसी-केंटकीच्या डोंगराळ भागातल्या या कामात मननाला लागणारे सगळे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कडक हिमतुषार पडण्याआधी ताटांची पाने सोलतात, कणसे छाटतात आणि ताटे चरकातून काढतात. जुन्या पद्धतीत चरकाला लांब दांडा असे आणि खेचर तो ओढत गोल फिरे. हिरवट रस कापडातून गाळून लाकडाच्या जाळावरच्या उथळ, लांबट कढईत सोडतात. साधारण दहा गॅलन रसाची एक गॅलन काकवी होते. रस तापू लागला की त्यातली प्रथिने गोठून हिरवी मळी वर येते. ती त्याच वेळी झाऱ्याने काढायची असते. हयगय झाली आणि रसाला खळखळून उकळी फुटली, तर मळी पुन्हा आत मिसळते आणि काकवी गढूळ, काळपट व कडवट होते. काकवी २२६ ते २३० अंश फॅरेनहाइटला उतरवतात. लवकर उतरवली तर ती पातळ राहून आंबते, उशीर झाला तर करपते किंवा तिची साखर धरते.

आता यातले काय घ्यायचे? घाईने लिहिणारा ‘देव आपल्याला अग्नीतून नेतो’ एवढे लिहून मोकळा होतो आणि मलाखी ३:३ जोडून देतो. पण मलाखीतला अग्नी रुपे गाळणाऱ्याचा आहे, आणि कढईपुढचा माणूस वेगळे काही शिकवतो. मळी जाळाने तयार केलेली नसते. ती रसात आधीपासून होती, जाळाने फक्त वर आणली. संकटात जीभ कडू झाली, तर तो कडूपणा संकटाचा नाही, आपलाच आहे. आणि वर आलेले लगेच काढायचे असते, नाहीतर ते पुन्हा आत मुरते. इथे १ योहान १:९ मधली पापकबुली नेमकी बसते. त्यातही एक सावधगिरी हवी. ईयोबाच्या मित्रांप्रमाणे प्रत्येक दुःखामागे दोष शोधत बसू नका. नुकतेच मूल गमावलेल्या आईसमोर वाचता येणार नाही अशा प्रकारे हे मनन लिहिले गेले असेल, तर ते पुन्हा लिहा.

द्राक्षवेलीवर लिहिताना तर माहितीची चूक थेट चुकीच्या शिकवणीकडे नेते. दक्षिणेतले देशी मस्कडाइन द्राक्ष गेल्या वर्षीच्या काडीवर फुटणाऱ्या नव्या फुटव्यांवर लागते. हिवाळा सरताना गेल्या वर्षीच्या काड्या दोन-तीन डोळे राखून छाटतात. तेव्हा जमिनीवर पडलेला पसारा वेलीवर उरलेल्या काड्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो. उशिरा छाटल्यास कापांतून रस ठिबकतो. बघणाऱ्याला वेल मरणार असे वाटते, पण त्याने वेलीला अपाय होत नाही. न छाटलेल्या वेलीचा मात्र गुंता होतो, आत ऊन पोचत नाही आणि फळ घटते. योहान १५:२ मध्ये दोन वेगळी कामे सांगितली आहेत: फळ न देणारा फाटा काढून टाकणे, आणि फळ देणारा फाटा साफ करणे. म्हणजे साफसफाईची सुरी फळ देणाऱ्यावरच चालते. छाटणीला शिक्षा म्हणणारे मनन शेतकऱ्याच्याही विरुद्ध जाते आणि वचनाच्याही.

कापूस हा सगळ्यात जोखमीचा विषय, आणि तो टाळूही नये. जुलैच्या सुमारास पीक इतके वाढते की ओळींच्या मधोमध मुळे पसरलेली असतात. त्यानंतर अवजार घातले तर तणाबरोबर मुळेही तुटतात. म्हणून एक शेवटची कोळपणी करून, ओळीला मातीची भर देऊन शेतकरी थांबत. वेचणी सुरू होईपर्यंतच्या या मोकळ्या आठवड्यांतच गावोगाव रिव्हायव्हलच्या, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवण्याच्या, सभा भरत. अंगणात लांब टेबले मांडून सगळ्यांनी आणलेले जेवण एकत्र होई. थांबणे हाही शेतीचाच भाग आहे हे इथे स्वच्छ दिसते, आणि पेरलेले आपोआप कसे वाढते हे सांगणारा मार्क ४:२६-२९ मधला दाखला जवळच असतो. मात्र हे थांबणे आधीची सगळी खुरपणी झाल्यावरचे आहे, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाहीतर वाचक त्यातून आळसाला परवानगी काढतो.

याच ठिकाणी बहुतेक जण याकोब ५:७ उद्धृत करतात: शेतकरी भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहत धीर धरतो. वचन सुंदर आहे, पण तीन वचने मागे जा. याकोब ५:४ मध्ये कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. धीर धरा हे सांगणे त्या फसवल्या गेलेल्या माणसांनाच आहे. कापसाच्या शेतात ही दोन वचने तोडता येत नाहीत. १८६५ पर्यंत हा कापूस गुलाम केलेल्या कृष्णवर्णीयांनी वेचला. नंतर अर्धेलीने कसणारी कृष्णवर्णीय आणि गरीब गोरी कुटुंबे वर्षाअखेरच्या हिशेबात पुष्कळदा कर्जातच राहिली, कारण वह्या मालकाकडे असत. ‘साधे, देवभीरू जुने दिवस’ असे लिहिताना कोणाचे दिवस ते विचारा. कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी लढलेल्या फॅनी लू हेमर यांचे आयुष्य इथे मदतीला येते. १९१७ मध्ये मिसिसिपीत वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात त्या विसावे मूल म्हणून जन्मल्या आणि लहानपणापासून कापूस वेचत वाढल्या. ऑगस्ट १९६२ मध्ये त्या मतदार नोंदणीसाठी इंडियनोलाला गेल्या, म्हणून त्यांना मळ्यावरचे घर सोडावे लागले. चर्चमधली गीते म्हणत त्यांनी पुढची लढाई लढली. धीर म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे समजावायला त्यांच्यापुढे वेगळे उदाहरण लागत नाही.

अलाबामातल्या एंटरप्राइझ गावात बोंड-भुंग्याचे स्मारक आहे, डिसेंबर १९१९ मध्ये उभारलेले. भुंग्याने कापूस खाल्ला, शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि गाव सावरले. रोम. ८:२८ साठी हे उदाहरण हमखास वापरले जाते. वापरा, पण ज्यांच्याकडे दुसरे बियाणे घ्यायला पैसे नव्हते ती माणसे त्या वर्षांत उद्ध्वस्त झाली, हेही एका वाक्यात येऊ द्या. ते वचन भरभराटीचे आश्वासन देत नाही. पुढचेच वचन देवाच्या पुत्राच्या प्रतिमेसारखे होण्याबद्दल बोलते.

लिहायला बसल्यावर साडेतीनशे ते चारशे शब्द पुरेत, सावकाश वाचले तर चारएक मिनिटे लागतात. त्यातले निम्म्याहून अधिक शब्द कामाला द्या. वचन मधल्या भागाच्या शेवटी एकदाच आणा आणि त्याच्या मागची-पुढची दहा वचने स्वतः वाचल्याशिवाय ते वापरू नका. तीन-चार संदर्भ दाटले की ऐकणारा एकही धरून ठेवत नाही. शेवट प्रश्नाने किंवा दोन ओळींच्या प्रार्थनेने करा. प्रार्थनेतही तोच झारा, तीच सुरी असू द्या, नवी उपमा नको. दक्षिणी बोलीची नक्कल करू नका. त्याने ती माणसे भोळसट दिसतात, आणि ती तशी नव्हती.

मसुदा झाला की मोठ्याने वाचा आणि वचन झाकून पाहा. उरलेला मजकूर ते काम केलेल्या माणसाला खरा वाटला पाहिजे. वर्षभरासाठी लिहित असाल तर हंगामाप्रमाणे आखणी करा: फेब्रुवारीत छाटणी, वसंतात पेरणी, जुलैत शेवटची कोळपणी, शरदात वेचणी आणि काकवी. तव्याचे मनन कोणत्याही महिन्यात चालते, तेव्हा ते अडीअडचणीसाठी राखून ठेवा.