सिनॉप्सिस लिहिण्याआधी बाग पाहून या

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधन आराखड्याच्या, शीर्षकाला एक शेपूट हमखास असते: ‘एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ: नागपूर जिल्हा)’. नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. एकटा संशोधक, एक दुचाकी आणि सुट्टीचे दिवस एवढ्यावर ते होत नाहीत, हे बहुतेकांना आरआरसीपुढे, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढे, उभे राहिल्यावर कळते. मग ऐनवेळी ‘निवडक तालुके’ असा शब्द घुसडला जातो. कोणत्या कसोटीवर निवडले, असे समितीने विचारले की उत्तर येत नाही, कारण खरी कसोटी ‘घराजवळ पडतात’ ही असते.

पुरावा कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात मिळतो, हे आधी बघायचे. त्यावरून प्रश्न बांधायचा. शीर्षक सगळ्यात शेवटी. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास या चारही विद्याशाखांना हाच क्रम लागू पडतो. फरक एवढाच, की प्रत्येकीचा पुरावा वेगळ्या जागी असतो आणि वेगळ्या कारणाने नासतो. काटोल-नरखेडकडची संत्र्याची एक बाग घेऊन ते बघू.

आधी महिन्यांचा हिशेब

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान ३ आणि कमाल ६ वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे वाढवता येतात, महिलांना त्याशिवाय २ वर्षांची जादा सवलत आहे. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे.

आता संत्र्याचे वेळापत्रक यावर ठेवा. आंबिया बहरासाठी डिसेंबरात झाडाला पाण्याचा ताण देतात, जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात आणि फळ नोव्हेंबर-डिसेंबरात उतरते. मृग बहर पावसाच्या तोंडावर फुटतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चात निघते. दोन्ही बहर दोन-दोन वर्षे पाहायचे तर पहिल्या डिसेंबरच्या ताणापासून शेवटच्या मृगाच्या तोडणीपर्यंत साधारण सत्तावीस महिने जातात. नोंदणी जानेवारीत झाली, सहा महिने कोर्सवर्कमध्ये गेले, सिनॉप्सिस मंजूर होईपर्यंत डिसेंबर उजाडला, की पहिले वर्ष संपले. पुढे सत्तावीस महिने आणि लिखाणाचे आठ. म्हणजे चार वर्षांना महिना-दोन महिने कमी, तेही गारपीट झाली नाही तर. ‘तीन वर्षांत उरकू’ म्हणणाऱ्याने एकच बहर घ्यावा किंवा जुन्या नोंदींवर काम करावे.

बागेत पाच शाखा

मृदा आणि पोषण. नमुना घेतानाच निम्मी चूक होऊन जाते. पानांचा नमुना फळ नसलेल्या फांदीच्या शेंड्यावरून घ्यायचा. शेंड्याकडून दुसरे, तिसरे किंवा चौथे पान, वय सुमारे सहा महिने, छातीच्या उंचीच्या थोडे वरचे, झाडाच्या चारही बाजूंनी. फळाच्या फांदीवरचे पान घेतले तर फळाने ओढून घेतलेले अन्नद्रव्य ‘कमतरता’ म्हणून दिसते. पाने त्याच दिवशी धुवायची: आधी साध्या पाण्याने, मग सौम्य आम्लाने, शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने. त्यानंतर ओव्हनमध्ये ६५ ते ७० अंशांवर वाळवायची. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) फवारलेल्या बागेतले पान नीट धुतले नाही तर तांबे अफाट येते आणि तो आकडा बिनदिक्कत प्रबंधात जातो. मातीसाठी फावड्याने व्हीच्या आकाराचा खड्डा करून कडेचा काप घ्यायचा, सगळे काप एकत्र करून चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत) अर्ध्या किलोवर आणायचे. जस्त मोजायचे असेल तर पत्र्याची, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, बादली चालत नाही. त्या बादलीचेच जस्त नमुन्यात उतरते. प्लॅस्टिकचे घमेले न्या.

प्रश्न पक्का करण्याआधी अमरावती रोडवरच्या दोन संस्थांत डोकावा: केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो. तिथे आधीच झालेले काम नव्याने करण्यात तीन वर्षे घालवणारे दरवर्षी निघतात. पाऊसमानासाठी सोनेगावच्या हवामान केंद्राचा आकडा सरसकट वापरू नका. काटोल तिथून साठेक किलोमीटर आहे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद घ्या.

अर्थशास्त्र आणि वाणिज्य. इथे ३८५ हा आकडा देवासारखा पूजला जातो. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चुकीची मुभा धरली की सूत्र ३८५ उत्तरदाते सांगते, हे खरे. पण नमुना यादृच्छिक आहे, असे ते सूत्र गृहीत धरते. ओळखीच्या कृषी केंद्रावर बसून भरून घेतलेल्या ३८५ प्रश्नावल्यांना ते लागू होत नाही, आकडा कितीही बरोबर असला तरी. त्यापेक्षा १२ गावे चिठ्ठ्या टाकून निवडा, गावातल्या बागायतदारांची पूर्ण यादी करा आणि त्या यादीतून ठरावीक अंतराने नावे उचला. माणसे १५० भरली तरी ती टिकतात.

दुसरी गफलत कळमन्याच्या, म्हणजे नागपूरच्या बाजार समितीच्या, आवकेची. कळमना बाजारात येणारा संत्रा म्हणजे नागपूर जिल्ह्याचे उत्पादन, असे धरून आलेख काढले जातात. बाजारात जिल्ह्याबाहेरचा मालही येतो. उलट बाजूने, बागेतच व्यापाऱ्याला सौदा करून दिलेला माल तुमच्या बाजार समितीच्या रजिस्टरात दिसेलच असे नाही. इसार किती घेतला, कोणत्या महिन्यात घेतला आणि तोडणीच्या वेळी व्यापाऱ्याने भाव पाडला का, हे फक्त शेतकऱ्याच्या वहीत किंवा डोक्यात असते. म्हणून प्रश्नावलीत ‘उत्पन्न किती?’ असे विचारू नका. ‘मागच्या आंबियाचा सौदा कधी झाला, इसार किती, बाकी कधी मिळाली?’ असे तीन प्रश्न विचारा. उत्तरे आपोआप आकड्यांत येतात.

इतिहास. भोसल्यांनी नागपुरात संत्रा आणला, हे वाक्य सगळीकडे छापलेले आहे. एका पुस्तकाने दुसऱ्यातून उचललेले वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. भोसलेकालीन कागद मोडीत आहेत. रोज तासभर दिला तर छापील मोडी महिन्याभरात लागते, पण हाताची घाईची मोडी वाचायला आणखी तीन-चार महिने धरा. मोडी येत नसेल तर १८५४ नंतरचा, नागपूर इंग्रजांनी खालसा केल्यानंतरचा काळ घ्या, कागद बहुतांशी इंग्रजीत मिळतील. पुण्या-मुंबईकडची मार्गदर्शक पुस्तके वाचून सातबारा शोधत बसलेले विद्यार्थी इथे हमखास अडकतात. मध्य प्रांतात मालगुजारी (गावाचा सारा मालगुजारामार्फत भरण्याची पद्धत) होती, ती १९५१ साली गेली, आणि जुनी दप्तरे खसरा, जमाबंदी, निस्तार, वाजिब-उल-अर्ज या शब्दांनी बोलतात. नागपुरात आजही प्लॉटच्या जाहिरातीत ‘ख. क्र.’ दिसतो, तो याच खसऱ्याचा. शिवाय १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होती आणि त्यानंतर राज्यच बदलले. म्हणून पुराभिलेखाच्या नागपूर कार्यालयाबरोबर भोपाळची एक फेरी आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची एक फेरी अंदाजपत्रकात आधीच लिहून ठेवा.

मराठी आणि भाषाविज्ञान. बागेची स्वतःची भाषा आहे: ताण, बहर, फळगळ, डिंक्या, कोळशी, इसार. ती गोळा करायला गेलात की समोरचा माणूस तुमचे पुस्तकी मराठी ऐकून स्वतःही पुस्तकी बोलू लागतो. पहिली वीस मिनिटे जवळजवळ वाया जातात, हे धरूनच चला. दोघे बागायतदार आपसात बोलत असताना ध्वनिमुद्रण करणे त्याहून बरे, अर्थात दोघांची संमती घेऊन. मोबाइलचे नेहमीचे रेकॉर्डिंग आवाज दाबून साठवते, म्हणून सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही निवडा. तासाभराच्या मुलाखतीचे लेखन करायला पाच-सहा तास लागतात, ते काम बाहेर दिलेत तर टंकलेखकाला एक गोष्ट बजावून सांगा. माणूस ‘पाणी देऊन राहिलो’ म्हणाला असेल तर ‘पाणी देत आहे’ असे सुधारायचे नाही. ती सुधारणा झाली की तुमचा विषयच कागदावरून पुसला गेला.

विधी. नागपूर संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुरावा म्हणजे चेन्नईच्या नोंदणी कार्यालयातला अर्ज आणि अधिकृत वापरकर्त्यांची यादी. हे काम टेबलावर बसून निम्मे होते. उरलेले निम्मे म्हणजे यादीत नाव असलेल्या शेतकऱ्याला त्याचा भावात काही फायदा झाला का, हे बागेत जाऊन विचारणे. ते टाळले तर प्रबंध म्हणजे कायद्याचा सारांश होतो.

फवारणी करणाऱ्या मजुरांच्या आरोग्यावर काम असेल, तर नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी हवी. मागाहून ती मिळत नाही. संमतीपत्र मराठीत आणि वाचून दाखवलेले असावे.

शीर्षक घासून घेणे

आता शीर्षकाकडे या. ‘नागपूर जिल्ह्यातील संत्रा उत्पादकांच्या समस्या व उपाय: एक चिकित्सक अभ्यास’ यात कोण आणि कोणता जिल्हा ते कळते, बाकी काही कळत नाही. ‘समस्या व उपाय’ हा शब्दजोड दिसला की समिती ओळखते, प्रश्न अजून ठरलेला नाही. शीर्षकाला चार गोष्टी विचारा: कोण, कुठे, कोणत्या काळात, आणि काय मोजणार.

बागेत दोन दिवस बसलात तर एक गोष्ट कानावर येते. उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकले तरच आंबिया परवडतो, कारण फुलापासून पावसापर्यंत झाडाला पाणी द्यावे लागते. पाणी आटणाऱ्यांचा ओढा मृगाकडे असतो. इथे प्रश्न सापडला: बहर शेतकरी निवडतो, विहीर निवडते, की आधीच घेतलेला इसार? मग शीर्षक असे होईल: ‘काटोल व नरखेड तालुक्यांतील संत्रा बागायतदारांची बहर-निवड: उन्हाळी भूजलपातळी आणि व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम यांचा प्रभाव’. यात काळाची भर घाला, काम सुरू करता येते. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी, बागायतदारांची यादी आणि सौद्याच्या वह्या हे तिन्ही पुरावे कुठे आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्थशास्त्र आणि भूविज्ञान अशा दोन शाखा ओलांडणारा विषय असेल तर सहमार्गदर्शक सुरुवातीलाच ठरवा. गाईडकडे जागा आहे का तेही विचारा: प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे.

कार्यालयातून नोंदी काढणे

‘संशोधनासाठी डेटा मिळावा’ या अर्जाला उत्तर येत नाही, कारण टेबलावरच्या माणसाला काय काढायचे तेच कळत नाही. तालुका, वर्षे आणि तक्त्याचे रकाने लिहा. पत्र विभागाच्या लेटरहेडवर, गाईडच्या सहीने, जावक क्रमांकासह, दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. तीन आठवड्यांनी त्याच पोचीचा हवाला देऊन जा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर बंधनकारक असते, पण तो शेवटी ठेवा. पुढची दोन वर्षे त्याच टेबलावर जायचे आहे.

मराठीत लिहिणार असाल तर

शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) आधीचे प्रबंध पाहताना देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत शोधा, आणि ‘संत्रा’, ‘संत्री’, ‘मोसंबी’, ‘लिंबूवर्गीय’ असे शब्द बदलून बघा. जुने मराठी प्रबंध बऱ्याचदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप झालेले किंवा स्कॅन केलेले असतात, त्यामुळे आतला मजकूर शोधात येत नाही. शीर्षक आणि विभाग चाळूनच ते सापडतात.

स्वतःचा प्रबंध पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमधून शेवटच्या महिन्यात रूपांतर केले की रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘शेतकऱ्यांचा’मधला ऱ्य फुटतो आणि चारशे पाने पुन्हा वाचावी लागतात. साम्यतपासणीतही (वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या संगणकीय तपासणीतही) असा मजकूर नीट वाचला जात नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश त्यातून वगळले जातात. तपासणीला द्यायच्या आधी एका प्रकरणाची पीडीएफ करा, त्यातला एक परिच्छेद उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी अक्षरे जशीच्या तशी उमटली तर फाइल ठीक आहे. रोमन अक्षरांचा चिवडा दिसला तर अजून वेळ आहे तोवर त्या प्रकरणाचे टंकलेखन नव्याने करून घ्या.