पावसाळ्यात छाटकलमं करताय? आधी ट्रेखालचं पाणी बघा

आर्द्रा लागली की गगनबावडा-राधानगरीकडं झड थांबत नाही. याच दिवसांत जिरेनियम, रोझमेरी, पचौली अशी सुगंधी झाडं लावणाऱ्यांचे फोन येतात, "मुळ्या फुटायच्या संजीवकात बुडवून कलमं लावली, तरी कुजली." मी एवढंच विचारतो, ट्रे कशावर ठेवलाय? बहुतेकांचा ट्रे जमिनीवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर असतो.

गेल्या पावसाळ्यात कागलजवळच्या एका शेडमध्ये ट्रे उचलून बघितला. खालची भोकं चिखलानं बुजलेली. कलम हलकंच ओढलं तर बुडाची साल काळी, बुळबुळीत होऊन बोटाला आली. शेंड्याची पानं मात्र हिरवीगार होती, म्हणून आठवडाभर कुणाला पत्ताच नव्हता.

बुडाशी पाणी साचलं की हवा खेळत नाही आणि मूळ फुटायच्या आत बुरशी शिरते. मग संजीवक कितीही भारी असू द्या, पैसे गेले. ट्रे विटांवर किंवा बांबूच्या मांडवावर वीतभर उंच ठेवा. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्या, शेतातली काळी माती अजिबात नको. मिश्रण मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकलं तर ते जास्त ओलं आहे. वर पॉलिथिनचं छप्पर, बाजू उघड्या.

बाकीची कामं:
- निरोगी, न फुललेला शेंडा, 10-12 सेंमी
- डोळ्याच्या लगेच खाली काप, ब्लेड स्पिरिटनं पुसून
- खालची पानं काढणे
- कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) 1 ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात, 10 मिनिटं भिजवणे
- कोवळ्या फांदीला आयबीए (हेच ते संजीवक) 500 ते 1000 पीपीएम, अर्धवट जून रोझमेरीला 2000 पर्यंत. बूड 5-10 सेकंद बुडवणे

1000 पीपीएम म्हणजे लिटरला 1 ग्रॅम. आयबीए नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा. तयार पावडर असेल तर लागेल तेवढी वाटीत काढून घ्या, डब्यात कलम बुडवू नका.

पुदिना आणि तुळशीला संजीवक लागतच नाही. उसाच्या कांडीला डोळ्याजवळ मुळ्या फुटतात, तशाच पुदिन्यालाही पेरावर फुटतात. त्यासाठी दुकानदार 'रूट बूस्टर'ची बाटली पुढं करत असेल तर घेऊ नका.

एक माझा अनुभव सांगतो. भिजलेल्या झाडाची फांदी तोडण्यापेक्षा दोन दिवस उघडीप मिळाल्यावर तोडलेली जास्त जगते. त्यासाठी थांबावं लागलं तरी थांबा.

मूळ फुटलंय का बघायला कलम उपटू नका, ट्रे उचलून भोकातून पांढरी मुळी दिसते का बघा. आणि रात्री पाऊस झोडपून गेला असेल तर सकाळी धारा काढायच्या आधी ट्रेखाली हात घालून भोकं मोकळी आहेत ना, एवढं बघाच.