मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा धूसर दिसू लागल्यास काय करावे

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नजर हळूहळू अंधूक होऊ लागली, की मोतीबिंदू परत आला असे अनेकांना वाटते. तो परत येत नाही. शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग काढतात, पण त्याभोवतीच्या पारदर्शक पिशवीचा मागचा पडदा कृत्रिम भिंगाच्या आधारासाठी तसाच ठेवतात. पिशवीच्या कडेला उरलेल्या पेशी वाढून या पडद्यावर पसरल्या, की तो धुरकट होतो. याचा अर्थ शस्त्रक्रिया चुकली असा मुळीच नाही.

शंका आल्यास चष्मा लावून, एकाच अंतरावरून आणि एकाच प्रकाशात, आळीपाळीने एकेक डोळा न दाबता झाकून तोच मजकूर वाचून पाहावा. एका डोळ्याला अक्षरे फिकी दिसत असतील, किंवा रात्री समोरच्या वाहनाचे दिवे फाकल्यासारखे वाटत असतील, तर तपासणीची वेळ घ्यावी. डोळा लाल होऊन दुखत असेल किंवा नजर अचानक कमी झाली असेल, तर कारण वेगळे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

तपासणीत बाहुली मोठी करून दृष्टिपटलही (डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला, प्रकाश टिपणारा थर) पाहून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण त्यावर सूज असेल तर धुरकट पडदा लेझरने उघडूनही नजर सुधारणार नाही. पडदा थोडा धुरकट असला तरी कामे अडत नसतील, तर थांबायला हरकत नसते. बसवलेल्या भिंगाबद्दलच तक्रार असेल, तर ती लेझरपूर्वीच स्पष्ट सांगावी. पडदा उघडल्यानंतर भिंग बदलणे अधिक अवघड आणि जोखमीचे होते.

उपचार ‘याग’ (YAG) नावाच्या लेझरचा. डोळा बधिर करणारे थेंब घालून, यंत्रावर हनुवटी टेकवून रुग्णाला बसवतात आणि लेझरने पडद्याच्या मध्यभागी छिद्र पाडतात. बारीक टिकटिक ऐकू येते, पण सहसा दुखत नाही, आणि काही मिनिटांत काम आटोपते. काचबिंदू असल्यास आधी सांगावे, कारण नंतर डोळ्यातील दाब वाढू शकतो. बाहुली पूर्ववत होऊन नीट दिसू लागेपर्यंत वाहन चालवू नये.

पुढे काही दिवस नजरेसमोर ठिपके तरंगतात आणि हळूहळू कमी होतात. मात्र ते एकाएकी वाढले, प्रकाश चमकू लागला किंवा एका बाजूने काळा पडदा सरकल्यासारखा वाटला, तर दृष्टिपटल सुटल्याची शक्यता असते; अशा वेळी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तातडीने नेत्ररुग्णालयात जावे.