अकीकाचा कॅब बिघडतो कुठे? स्लॅब कापताना आणि घासताना या चुका टाळा

“चमक येत नाहीये, कुठली पावडर वापरू?” दगडाच्या स्लॅबमधून (पातळ कापातून) कॅब, म्हणजे वर गोल घुमट आणि खाली सपाट पाठ असलेला दागिन्याचा खडा, घासायला नव्याने शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतोच. पावडर बहुतेक वेळा बरोबरच असते. अकीक, जास्पर, टायगर आय, ॲमेथिस्ट या क्वार्ट्झच्या घराण्यातल्या दगडांना चामड्यावर किंवा फेल्टवर सिरियम ऑक्साइड पुरेसं होतं. घोळ दोन-तीन पायऱ्या आधीच झालेला असतो, पॉलिश फक्त तो उघडा पाडतं. म्हणून इथे उलट्या क्रमाने जाऊ: दोष दिसतो तिथून सुरुवात करू आणि तो जन्मतो तिथपर्यंत मागे जाऊ.

चमक आहे, पण धुरकट

लांबून दगड झकास दिसतो आणि दिव्याखाली धरला की आत पुसट रेघांचं जाळं. हे 80 ग्रिटच्या चाकाचे चरे (ग्रिट म्हणजे चाकावरच्या कणांचा बारीकपणा: आकडा लहान तितके कण जाड). 600 वर कितीही वेळ घालवला तरी ते जात नाहीत, कारण 600 चं ते कामच नाही. 80, 220, 600, 1200, 3000 आणि शेवटी 8000 किंवा 14000 अशी चढण असली, तर प्रत्येक पायरीने फक्त आधीच्या पायरीचे चरे पुसायचे असतात. सगळ्यात जास्त वेळ 220 ला द्यावा लागतो आणि नेमका तिथेच तो दिला जात नाही, कारण 220 वर दगड दिसायला फारसा बदलत नाही आणि माणूस कंटाळतो.

दुसरी फसगत ओल्या दगडाची. पाणी चऱ्यांत भरतं आणि ओला कॅब जवळपास पॉलिश झाल्यासारखा दिसतो. पुढच्या चाकाकडे जाण्याआधी दगड फडक्याने खडखडीत कोरडा करा, दिव्याखाली तिरपा धरा आणि 10 पट भिंगातून बघा. शंका असेल तर पूर्ण पृष्ठभागावर मार्करने रंग फासून पुन्हा थोडं घासा: जिथे रंग अडकून राहतो तिथे चरा किंवा खड्डा आहे. (सच्छिद्र दगडावर हा प्रयोग नको, शाई आत मुरते.) प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा बदलली तर मागचे चरे आडवे पडतात आणि लगेच ओळखू येतात.

सगळं नीट करूनही 1200 वर अचानक एकच खोल चरा उमटला, तर हात बघा. नखांत, डॉपच्या (दगड चिकटवून धरायच्या काडीच्या) लाखेत, ॲप्रनच्या कडेला 80 चा एखादा कण बसलेला असतो. पायरी बदलताना दगड, काडी आणि हात तिन्ही धुवायचे, शक्यतो जुन्या टूथब्रशने. नवीन चाकही पहिले काही तास अशीच खोडी काढतं, त्याचे वर आलेले हिरकण ओरबाडतात. चांगला दगड लावण्याआधी त्यावर अकीकाचे टाकाऊ तुकडे घासून त्याची धार बसवून घ्या.

आता पावडर. सिरियम पातळ पिठाएवढं पाणीदार केलं की दगड नुसता घसरत राहतो. पट्टा जेमतेम ओलसर असावा. तो सुकत आला की दगड हाताला ओढ लावतो, आणि चमक त्या ओढीच्या क्षणी येते. तिथून पुढे रेटू नका, दगड तापतो.

मध्येच खड्डे-खड्डे

लॅपिस लाझुली, युनाकाइट किंवा मऊ शिरा असलेला जास्पर घासला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. यात हाताचा दोष कमी, दगडाचा जास्त. लॅपिसची कठीणता मोह्स मापावर 5 ते 5.5, त्यातला सोनेरी पायराइट 6 ते 6.5 आणि पांढरा कॅल्साइट जेमतेम 3. मऊ भाग आधी झिजतो आणि कठीण भाग उंच राहतो. झिजलेले पट्टे, मऊ पॅड आणि जोराचा दाब यांनी हे आणखी वाढतं. अशा दगडाला हिऱ्याची ताजी चाकं, हलका हात आणि शेवटी चामड्यावर क्रोमियम ऑक्साइड मानवतं. मात्र क्रोमियम ऑक्साइड गडद हिरवं असतं आणि फटीत बसलं की निघत नाही, त्यामुळे फिक्या दगडापासून ते लांब ठेवा. काही दगड इतकं करूनही आरशासारखे होत नाहीत. मग 1200 वर थांबून मॅट फिनिश ठेवलेला कॅब जास्त शोभतो, असं माझं मत आहे. अर्धवट चमक सगळ्यात वाईट दिसते.

घुमट गोल नाही

ट्यूबलाइटखाली कॅब धरून हळूहळू फिरवा. नळीचं प्रतिबिंब घुमटावरून सलग वळत सरकलं पाहिजे. ते कुठे तुटलं, उडी मारली किंवा एका जागी रुंद झालं, तर तिथे सपाट डाग आहे. बोटाला तो लागत नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्याला मात्र लगेच दिसतो.

कारण एकच: दगड चाकावर एका जागी थांबला. मनगट सतत फिरतं राहायला हवं. आधी चारही बाजूंनी साधारण 45 अंशांची एक उतरण पाडा, खाली मिलिमीटर-दीड मिलिमीटरची उभी कड सोडून. मग तिच्या वर कमी उताराची दुसरी पट्टी, आणि त्यानंतर दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या धारा मोडत गोलाई आणा. नवखे लोक कडेकडेने घासत राहतात आणि माथ्याला हात लावायला घाबरतात. परिणामी माथ्यावर करवतीच्या खुणांसकट एक सपाट टिकली शिल्लक राहते. ती 220 वरच संपवायची. 600 वर दिसली तर निमूटपणे मागे या, पुढे जाऊन काही सुधारत नाही.

सोनार दगड परत पाठवतो

घुमट सुंदर, चमक सुंदर आणि दगड कोंदणात बसत नाही. कोंदणासाठी कडेची उभी पट्टी लागते आणि ती वरच्या दिशेने किंचित आत झुकलेली हवी. घुमट थेट तळापर्यंत नेला तर कड सुरीसारखी पातळ होते आणि चांदीची पट्टी दाबताना टवका उडतो. उलट पट्टी वरून बाहेर झुकलेली असेल तर चांदी दगडावर वळतच नाही.

याहून जास्त दुर्लक्ष होतं ते पाठीच्या कडेकडे. कोंदणाच्या आतल्या कोपऱ्यात डाकाचा (जोडकामाच्या वितळवलेल्या धातूचा) बारीक थर असतो. दगडाची खालची धार तशीच तीक्ष्ण ठेवली तर ती या थरावर टेकते, दगड डुगडुगतो आणि दाब आला की तडकतो. पाठीच्या कडेला सगळीकडून अर्धा मिलिमीटर तिरपा घास दिला की हा प्रश्न मिटला. काम दोन मिनिटांचं आहे, पण ते पाठीला असल्यामुळे राहून जातं.

तयार कोंदणासाठी कॅब करत असाल तर 13×18, 18×25, 30×40 मिलिमीटर ही ठरलेली मापं पाळा आणि व्हर्निअरने मोजा. अंगठीसाठी 5-6 मिलिमीटर जाडीची स्लॅब बरी, कानातल्यासाठी 3-4 पुरे, नाहीतर कानाची पाळी ओढली जाते. जोडी करायची असेल तर एक पूर्ण करून मग दुसरा हातात घेऊ नका. दोन्ही तुकडे एकाच स्लॅबमधून आखा आणि प्रत्येक चाकावर पाठोपाठ घासा. एक पूर्ण झाल्यावर त्याच्याशी दुसरा जुळवत बसणं म्हणजे दोन्ही लहान करत जाणं.

काडीवरून दगड सुटतो

लाख गरम पण दगड थंड, हे नेहमीचं कारण. दोन्ही गरम हवेत. दगड ज्योतीवर धरायचा नाही, लाखेच्या भांड्याच्या कडेला ठेवून सावकाश तापू द्यायचा. स्लॅब तेलाच्या करवतीवर कापलेली असेल तर पाठीला तेल मुरलेलं असतं आणि त्यावर काहीच धरत नाही. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात ती आधी भिजवून, घासून, पूर्ण वाळवून घ्या. अकीकाचा कॅब काढताना काडीसकट थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवला की लाख ठिसूळ होऊन तो हलकेच निघतो. ओपलला मात्र आचही नको आणि फ्रीझरही नको. तो सुपरग्लूने चिकटवायचा आणि ॲसिटोनमध्ये भिजवून सोडवायचा. राळ भरून घट्ट केलेल्या फिरोजाला आणि रंगवलेल्या दगडांना ॲसिटोन चालत नाही.

करवत

आपल्याकडे बरेच जण चार इंची मार्बल कटरने सुरुवात करतात. स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. फरशीसाठी तो ठीक, स्लॅबसाठी नाही. खाचा असलेलं ब्लेड पातळ स्लॅबच्या कडा फोडतं, जाड पात्यामुळे महागडा दगड भुगा होऊन वाया जातो, आणि कोरडं कापलं तर दगड तापून तडकतो. शिवाय हातात धरलेल्या यंत्रावर पाणी ओतणं म्हणजे विजेशी खेळ. सलग कडेचं पातळ हिरा-ब्लेड असलेली छोटी टेबल-करवत घ्या आणि तिच्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

स्लॅबवर आखणी ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या तारेच्या टोकाने करा. पेनाची रेघ पाण्यात धुऊन जाते. मग रेघेबाहेर एक-दोन मिलिमीटर सोडून सरळ काप घ्या. वळणावर दगड वळवून कापायचा मोह सगळ्यांना होतो. त्याने ब्लेड वाकतं, आणि एकदा वाकलेलं ब्लेड पुढचा प्रत्येक काप तिरका घेतं. वळणाचं काम चाकावर.

काप संपत आला की शेवटचा तुकडा तुटून कॅबच्या बाजूने टवका घेऊन जातो. शेवटचे काही मिलिमीटर उरले की दाब जवळजवळ काढून घ्या, किंवा स्लॅब फिरवून समोरून थोडा काप द्या. ब्लेड कापत नाही, नुसतं घोंघावतं आणि दगडावर पांढरट ओरखडा उठतो, तेव्हा जोर लावू नका. हिरे धातूत बुजलेले असतात. सिलिकॉन कार्बाइडच्या दगडात दोन-चार काप घेतले की ते पुन्हा उघडे पडतात.

पेंडंटचं भोक पाडायचं झालं तर पाण्यात, पाठीमागून अर्धं आणि समोरून अर्धं. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडे टवका उडणारच.

आणि मुळात स्लॅबच चुकीची

तडा नंतर सापडण्यापेक्षा आधी सापडलेला बरा. स्लॅब पाण्यात बुडवून बाहेर काढा आणि वाळताना तिच्यावर नजर ठेवा. बाकीचा पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही केसासारखी एक काळी रेघ ओली राहते. तिथे तडा आहे. आखणी त्या रेघेला टाळून करा, ती कितीही सुंदर नक्षीतून जात असली तरी.

दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत सिलिका साचून आपला अकीक आणि कॅल्सेडनी तयार झाली, आणि खडक झिजल्यावर ती गोदावरी-भीमेच्या पात्रांत गोट्यांच्या रूपात आली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत पैठणहून भडोचला गाड्या भरून ऑनिक्स जात असल्याचा उल्लेख आहे, इतकं हे जुनं. पण नदीतला गोटा वाहताना आपटत आलेला असतो आणि त्याच्या सालीत चंद्रकोरीसारखे बारीक मार असतात. म्हणून बाहेरचे पहिले एक-दोन काप कॅबसाठी धरू नका.

याच दख्खनच्या पोकळ्यांत अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट हे झिओलाइटांच्या मेळ्यातले स्फटिकही येतात. जळगाव-पुण्याकडचे हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि ते हाताशी असले की त्यांचे कॅब करावेत असं कुणालाही वाटतं. करू नका. ते मऊ असतात, ठरावीक पातळीत सहज चिरतात आणि त्यांच्या रचनेत पाणी असल्याने आचेवर बिघडतात. त्यांची जागा शोकेसमध्ये.

गडद निळ्या, गुलाबी अकीकाच्या स्लॅब ऑनलाइन स्वस्तात दिसतात. त्या बहुधा रंगवलेल्या असतात. रंग सच्छिद्र पट्ट्यांत मुरतो आणि घट्ट पट्ट्यांत शिरत नाही, त्यामुळे घुमट उतरवताना मधूनच फिकी जागा उघडी पडू शकते. आधी कोपऱ्याचा एक तुकडा कापून आतला रंग बघा.

टायगर आयला दिशा असते. तंतू तळाशी समांतर आणि अंडाकृतीच्या आखूड बाजूने हवेत, म्हणजे चमकती रेघ लांबीच्या बाजूने उभी राहते. उलट आखलं तर ती रेघ आडवी पडते. लॅब्राडोराइटची निळी झळाळी एका ठरावीक कोनातच दिसते, म्हणून आखण्याआधी स्लॅब ओली करून हातात फिरवा आणि झळाळी समोर आली तीच बाजू वर ठेवा.

धूळ आणि गाळ

अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. गुजरातेत खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिसचं (सिलिकाची धूळ श्वासातून गेल्याने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं) प्रमाण इतकं की त्यावर अनेक वैद्यकीय अभ्यास झाले आहेत. फुप्फुसावर पडलेले हे व्रण भरून येत नाहीत. त्यामुळे “एवढंसंच आहे, कोरडं घासून टाकतो” हे कधीच नको. चाकावर सतत पाणी, तोंडावर नीट बसणारा एन-95, आणि काम संपल्यावर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसणं. तुषारांतून उडालेली धूळ भिंतीवर वाळते आणि पंखा लावला की पुन्हा हवेत येते, म्हणून यंत्रामागची भिंतही पुसा. मॅलाकाइट तांब्याचा दगड आहे, त्याच्या बाबतीत दुप्पट काळजी.

चाकाखालच्या ताटलीत साचलेला करडा गाळ मोरीत ओतू नका. तो पाइपात घट्ट बसतो आणि मग प्लंबरला बोलवावं लागतं. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं निवळलेलं पाणी पुन्हा यंत्राला वापरा आणि खालचा राडा वाळण्याआधीच, ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.